शेवटच्या पानावरची पट्टी

आमच्या भांडारात चार हजार एकशे सहा हस्तलिखिते आहेत आणि ती सर्व अत्यंत सुरक्षित आहेत, कारण गेल्या नऊ वर्षांत त्यांच्याकडे कोणीही पाहिलेले नाही. पूर्वी लोक येत, पाने उलटत, शिंकत. एका विद्वानाने तर बाराव्या शतकातील प्रतीवर जांभई दिली होती. त्याची नोंद आहे. नऊ वर्षांपूर्वी सर्व पानांच्या डिजिटल प्रतिमा काढून झाल्या आणि हा त्रास संपला. आता कोणालाही घरच्या खुर्चीत बसून आमचे कोणतेही पान हवे तेवढे मोठे करून पाहता येते. त्यामुळे मूळ पान पाहण्याचे कारण उरत नाही, आणि नियम सातनुसार ज्याचे कारण उरत नाही त्याची परवानगी देता येत नाही.

मी या भांडाराच्या प्रतिमा-गुणवत्ता समितीचा सदस्य-सचिव आहे. समितीत माझ्यासह तीन सदस्य असतात. एक निवृत्त झाले आहेत आणि एकांची नेमणूक व्हायची आहे. त्यामुळे आमच्या समितीत मतभेद होत नाहीत.

एका सोमवारी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. अर्जदार संशोधक बाई होत्या. आमच्याकडील क्रमांक तीनशे बारा या हस्तलिखिताचा त्या आठ वर्षे अभ्यास करत होत्या, अर्थात पडद्यावर. हा घोड्यांच्या आजारांवरचा मध्ययुगीन ग्रंथ आहे, पाने दोनशे अठरा. तो वाचला की इतके सगळे होऊनही घोडा जगतो कसा, असा प्रश्न पडतो म्हणतात. मी वाचलेला नाही. अर्जात म्हटले होते की शेवटच्या पानाच्या प्रतिमेत रंगपट्टी नेमकी शेवटच्या ओळीवर ठेवली गेली आहे, सबब मूळ पान दोन मिनिटे पाहू द्यावे.

रंगपट्टी म्हणजे काय, हे सांगायला हवे. पान खरोखर केवढे आहे आणि त्याचा रंग नेमका कोणता, हे प्रतिमा पाहणाऱ्याला कळावे म्हणून छायाचित्रकार पानाशेजारी पुठ्ठ्याची एक पट्टी ठेवतो. तिच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा असतात, मध्ये रंगांचे बारा चौकोन, आणि कोपऱ्यात पट्टी बनवणाऱ्या कारखान्याचे नाव. आमच्या कंत्राटातील अट स्पष्ट होती : 'प्रत्येक प्रतिमेत रंगपट्टी पूर्ण व सुस्पष्ट दिसली पाहिजे.' तीनशे बाराचे शेवटचे पान इतरांपेक्षा रुंद निघाले. पट्टी शेजारी ठेवली तर तिचे दोन चौकोन चौकटीबाहेर जात होते. छायाचित्रकाराने अट वाचलेली होती. त्याने पट्टी उचलून पानावर ठेवली. पानावरील मजकूर पूर्ण दिसला पाहिजे, अशी अट कंत्राटात नव्हती. मी नंतर तीनदा तपासले.

मी अर्जदारांना बोलावून घेतले. त्या एक जाड फाईल छातीशी धरून आल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

"सर, दोनच मिनिटं. मी हातही लावत नाही. पान तुम्ही धरा, मी फक्त वाचते."

"तुम्हाला प्रतिमा दिसत नाही का?"

"दिसते की. पट्टीपण दिसते. पट्टीखालचं दिसत नाही."

"मोठी करून पाहिलीत?"

"मोठी केली की पट्टी मोठी होते."

हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, म्हणून मी तो नोंदवला नाही. तेवढ्यात त्यांनी फाईल उघडली आणि पानांच्या छापील प्रती माझ्यासमोर पसरल्या. समासात जागोजागी पेन्सिलीने गोल केले होते.

"हा ग्रंथ लिहून काढणारी बाई होती, सर."

"घोड्यांच्या ग्रंथाला बाई?"

"समासात तिनं काय काय लिहिलंय बघा ना. इथं 'शाई पातळ झाली'. इथं 'बोटे आखडली'. आणि हे एकशे चाळीसावं पान. 'पाळण्याची दोरी पायाला बांधली आहे, अक्षर हलले तर मला बोल लावू नये.'"

"पाळण्याची दोरी बापसुद्धा पायाला बांधू शकतो."

"तुम्ही बांधली होती?"

मी विषय बदलला. पण त्या बदलू देईनात.

"मी हे काम सुरू केलं तेव्हा माझी लेक दीड वर्षाची होती. ती एका मांडीवर, लॅपटॉप दुसऱ्या मांडीवर. एकशे चाळीसाव्या पानाशी आले आणि अक्षरशः रडले हो. म्हटलं, ही तर माझीच कुणीतरी. आता लेक चौथीत गेली. माझं पुस्तक छापायला तयार आहे, फक्त पहिल्या पानावर हिचं नाव टाकायचंय. त्या काळचे लेखनिक शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायचे. दोनशे अठरा पानं लिहिल्यावर एकदाच. आणि नेमकं तिथेच तुमचं घोडं पेंड खातंय."

मी त्यांना प्रकरण समितीपुढे ठेवण्याचे आश्वासन दिले. समितीची बैठक गुरुवारी झाली. मी उपस्थित होतो.

समितीने प्रतिमा आठपट मोठी करून पाहिली. पट्टी सुस्पष्ट होती. रंग अचूक होते. किंबहुना आमच्या संपूर्ण संग्रहात इतकी सरळ बसलेली पट्टी दुसरी नाही, असे समितीचे एकमताने मत पडले. प्रतिमेत दोष आढळला नाही, आणि दोष नसल्यास मूळ प्रत दाखवता येत नाही, असे अर्जदारांना कळवण्यात आले.

त्यांनी दुसरा अर्ज केला. आम्ही पट्टीखाली मजकूर असल्याचा पुरावा मागितला. तिसऱ्या अर्जासोबत त्यांनी पुरावा पाठवला : पट्टीच्या वर अक्षरांची तीन टोके डोकावत होती आणि खाली दोन शेपट्या. त्यावर मी दिलेले उत्तर आजही नव्या कर्मचाऱ्यांना नमुना म्हणून दाखवतात. 'जे डोकावते ते दिसते, सबब त्याबाबत तक्रारीस वाव नाही. जे दिसत नाही त्याबाबत समितीस मत देता येत नाही.'

अर्ज येत राहिले, उत्तरे जात राहिली, आणि मधल्या काळात भांडारात 'एकही रकाना रिकामा नको' ही मोहीम सुरू झाली. सूचीतील सर्व रिकाम्या जागा तीन महिन्यांत भरायच्या होत्या. काम बाहेरच्या लोकांना दिले. ते प्रतिमा पाहत आणि रकाने भरत. तीनशे बाराच्या नोंदीत भर पडली : 'शेवटच्या पानावर बारा रंगीत चौकोनांची, मोजमापाच्या खुणा असलेली पट्टी. स्थिती उत्तम.' लेखनिकाच्या नावाचा रकाना शेकडो वर्षे रिकामा होता. तोही भरला गेला. पट्टीच्या कोपऱ्यात कारखान्याचे नाव होते, ते त्यात घातले. 'अक्षर अतिशय सुवाच्य' असा शेराही मारला.

ही नोंद एका दूरच्या विद्यापीठातील प्राध्यापकांच्या नजरेस पडली. त्यांनी साठ पानांचा निबंध लिहिला. त्यांच्या मते ही पट्टी घोड्याच्या जिभेला लावून पाहण्यासाठी होती. जीभ ज्या चौकोनाशी जुळेल तो आजार. पिवळा चौकोन यकृताचा, जांभळा फुप्फुसाचा. निळ्या चौकोनाबद्दल त्यांनी म्हटले होते की तोपर्यंत घोडा बहुधा मेलेला असतो. शिवाय पट्टीवरील खुणा आजच्या सेंटिमीटरशी तंतोतंत जुळत होत्या. याचा अर्थ सेंटिमीटर आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होता, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली आणि सगळ्यांची छाती त्याच मापाने फुगली. परिसंवाद झाला. आमच्या दुकानात बारा चौकोनांचे रुमाल आणि छत्र्या आल्या. शेवटच्या पानाची प्रतिमा चार लाख लोकांनी पाहिली, आणि त्यातल्या एकानेही ओळ दिसत नाही अशी तक्रार केली नाही.

अर्जदारांनी मात्र केली. ही पट्टी मध्ययुगीन नसून तुमच्या छायाचित्रकाराची आहे, असे त्यांनी अकराव्या अर्जात स्वच्छ लिहिले. आम्ही अर्ज तज्ज्ञ म्हणून त्याच प्राध्यापकांकडे अभिप्रायासाठी पाठवला. त्यांनी लिहिले, 'अर्जदारांनी मूळ प्रत पाहिलेली नाही, सबब त्यांचे मत ऐकीव आहे.' मूळ प्रत प्राध्यापकांनीही पाहिली नव्हती. पण त्यांना तशी गरज पडली नव्हती.

चौदावा अर्ज मंजूर झाला. यात कोणाचा दोष नाही. त्या आठवड्यात नवे संचालक रुजू झाले आणि पहिल्या दिवशी त्यांना सह्या करण्याचा उत्साह होता. समोर आलेल्या गठ्ठ्यात हाही अर्ज होता. तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरली, सकाळी अकरा, वेळ दोन मिनिटे.

मूळ प्रत कोणालाही दाखवण्यापूर्वी ती प्रतिमेशी ताडून पाहावी, असा नियम एकोणीस आहे. नाहीतर वाचकाने पान फाडले की आधीच फाटले होते, हे कसे कळणार? त्यानुसार आदल्या दिवशी मी आणि खळकाका तिजोरीच्या खोलीत गेलो. खळकाका आमचे बाइंडर. एकतीस वर्षे ते पिठाची खळ शिजवून सुटी पाने जोडत आले आहेत. बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून हे नाव. काकांनी पेटी उघडली, तळहातावर पान तोलून उलटले आणि शेवटचे पान समोर ठेवले.

त्यावर पट्टी नव्हती.

माझी पाचावर धारण बसली. मी पडद्यावर पाहिले, पानावर पाहिले, पेटीत हात घालून पाहिले.

"काका, पट्टी कुठंय?"

"कसली पट्टी?"

"प्रतिमेत आहे. इथं नाही."

"अहो साहेब, ती फोटोवाल्याची होती. तो घेऊन गेला."

"म्हणजे चोरी झाली."

"त्याचीच होती की ती!"

"तसा कागद आहे का आपल्याकडे?"

काकांनी कपाळाला हात लावला. त्याला खळ लागली.

मी शांतपणे विचार केला. प्रतिमा आणि मूळ यांत तफावत होती, म्हणजे दोहोंपैकी एक चूक होते. प्रतिमा चूक म्हणावी, तर तिच्यावर माझ्या सहीचे प्रमाणपत्र होते, तिच्यावर साठ पाने लिहिली गेली होती, परिसंवाद झाला होता, छत्र्या विकल्या गेल्या होत्या. मूळ प्रतीच्या बाजूने काहीच कागदपत्र नव्हते. शिवाय मूळ प्रत जुनी होती, आणि जुन्या वस्तूत उणिवा असायच्याच. त्यासाठी आमच्याकडे फॉर्मही आहे : 'मूळ प्रतीतील उणीव दूर करणे'. मी भांडारगृहातून नवी रंगपट्टी मागवली. सुदैवाने ती त्याच कारखान्याची होती.

"साहेब, खाली अक्षरं आहेत," काका म्हणाले.

"असू द्या ना. आपण कुठं ती काढतोय? खालीच राहतील."

"उद्या ती ताई बघायला येतेय. त्याच ओळीसाठी येतेय ना?"

"तिला मूळ पान बघायचंय. ते आपण दाखवणार आहोत. पण ते मूळ असायला नको का?"

काकांनी खळीचे भांडे पुढे ओढले. मग म्हणाले, "बरं, मग खळीनं लावतो. ओला बोळा फिरवला की अलगद निघेल."

पण फॉर्मवर दोनच पर्याय होते, तात्पुरते आणि कायमस्वरूपी. तात्पुरत्या दुरुस्तीची दर सहा महिन्यांनी तीन सदस्यांनी पाहणी करावी लागते आणि आमच्याकडे सदस्य एकच. मी कायमस्वरूपीवर खूण केली. कायमस्वरूपीसाठी कपाटात एक नळी ठेवलेली असते. तिच्यातला गोंद एकदा धरला की सोडत नाही.

"निदान आधी मोबाईलवर एक फोटो घेऊन ठेवू या का त्या ओळीचा?"

"काका, मूळ प्रतीचा मोबाईलवर फोटो घेणं हा गुन्हा आहे. तुम्हाला माहीत आहे."

काकांनी नळी उघडली. मी साक्षीदार म्हणून जवळ उभा राहिलो. डाव्या कडेपासून चार मिलिमीटर, खालच्या कडेपासून एकवीस. पट्टी पहिल्याच प्रयत्नात सरळ बसली. मूळ आणि प्रतिमा आता हुबेहूब जुळत होती, आणि तसे मी प्रमाणित केले.

दुसऱ्या दिवशी अर्जदार पावणेअकरालाच आल्या. साधा पण नवा कोरा ड्रेस होता. हात त्यांनी दोनदा धुतले आणि पुसून वर धरून बसल्या. काकांनी पेटी आणली, पान उलटले आणि मागे सरकले. मी घड्याळ लावले.

पहिली काही सेकंदे त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग खाली वाकल्या, पट्टीच्या कडेला नाक टेकेल इतक्या. मग माझ्याकडे पाहिले.

"ही तर नवी आहे."

"ती मूळ स्थितीनुसार आहे."

"कधी चिकटवली?"

"काल दुपारी. नियम एकोणीस."

त्या ओरडतील असे मला वाटले होते, आणि त्यासाठी मी दाराशी सुरक्षारक्षक उभा केला होता. त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि रडू लागल्या, आवाज न करता, हात अजून तसेच वर धरलेले. माझ्या एकूण नोकरीत मला इतके अवघडल्यासारखे कधी झाले नव्हते. एक मिनिट दहा सेकंद झाली होती.

"काल तुम्ही तिथं होतात?" त्यांनी विचारले.

"होतो. साक्षीदार म्हणून."

"म्हणजे ती ओळ तुम्ही पाहिलीत."

"पाहिली."

"काय होतं त्यात?"

"मला ती लिपी वाचता येत नाही."

"तुम्हाला?"

"नोकरीत तशी वेळ आली नाही."

त्यांनी पिशवीतून पेन्सिल आणि कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "वाचता नाही येत तर राहू दे. आकार काढा. जसा दिसला तसा. पहिलं अक्षर कसं होतं? गोल? उभं? सर, काहीही."

मी पेन्सिल हातात घेतली. मी खरोखर प्रयत्न केला. ओळ माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, चांगली पाच मिनिटे होती. पण मला आठवत होते ते एवढेच की डावीकडून चार मिलिमीटर आणि खालून एकवीस. मी पूर्ण वेळ पट्टी सरळ बसते की नाही, तेच पाहत होतो. कागद कोराच राहिला.

तेव्हा काका पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. "ताई, मलाही वाचता येत नाही. पण शेवटचं अक्षर होतं ना, त्याची शेपटी अशी वर जाऊन मागं वळलेली होती. आणि तिथं शाई जरा दाबून लावलेली. बाकी पानात तसं कुठंच नाही." त्यांनी एक वळण काढले, थांबले, खोडले आणि पुन्हा काढले. "असं."

त्या कितीतरी वेळ त्या वळणावरून बोट फिरवत होत्या. दोन मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. मूळ प्रतीवरून काढलेले रेखाटन म्हणजे प्रत ठरते आणि ती बाहेर नेण्यास वेगळा अर्ज लागतो. हे मी सांगायला हवे होते. मी खिडकीकडे पाहत राहिलो. खिडकीकडे पाहण्याबाबत नियम नाही. मी वळलो तेव्हा त्या निघून गेल्या होत्या आणि कागदही नव्हता.

संध्याकाळी घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळी हकिकत सांगितली. माझी बाजू नीट समजावी म्हणून नियमांसह सांगितली. ती घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि नाव काय हो तिचं?"

"तेच तर पट्टीखाली गेलं ना!"

"त्या जुन्या बाईचं नाही. हिचं. आठ वर्षं खपली, चौदा अर्ज केले. नाव काय तिचं?"

"अर्जदार," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले आणि माझा सदरा घडी न घालताच बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्यावर मी सर्वांत आधी संगणकावर ते चौदा अर्ज उघडले. मूळ कागद स्कॅन झाल्यावर आम्ही नष्ट करतो, कारण प्रतिमा असताना मुळाची गरज नसते. चौदाही अर्ज अगदी स्वच्छ दिसत होते. फक्त उजव्या कोपऱ्यात, नाव लिहायच्या जागेवर, आवक क्रमांकाचे लेबल चिकटवलेले होते. ते कुठे चिकटवावे याचे परिपत्रक मीच काढले होते. चौदाही लेबले सरळ होती.

तुम्ही म्हणाल, कमाल आहे या माणसाची. म्हणा. पण बायकोने निदान विचारले. तुम्ही ही हकिकत पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचलीत, पट्टीला हसलात, मला हसलात, तिच्यासाठी कदाचित हळहळलातही. तिचे नाव काय, अशी विचारणा मात्र तुमच्याकडून आजपावेतो आल्याची नोंद आमच्या दप्तरी नाही.